चवडा आधी, टाच मग!

अनवाणी कसं पळावं हे अख्ख्या जबलपुरात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस मी आहे! बढाई मारत नाही, खरं तेच सांगतोय. बाकीचे पळतात म्हणजे काय करतात? टाचा आपटतात! धप्प, धप्प, धप्प! उखळात मिरच्या कांडल्यासारखं! असा कोणी रस्त्यानं जाताना दिसला की माझं डोकं फिरतं. तसं ते फिरायला फार मोठं कारण लागत नाही, हे आमच्या चेरीताल मोहल्ल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

गोष्ट गेल्या वर्षीची, पासष्ट सालची. लढाईचे दिवस. आमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात पाळ्यांवर पाळ्या चालल्या होत्या आणि माझा मेहुणा श्रीरंग माझ्या बाहेरच्या खोलीत मुक्काम ठोकून होता. होळीला म्हणून आला. तेवढ्यात भरती निघाली, आमच्याच कारखान्यात टेंपररी लागला आणि राहिला. सप्टेंबरात लढाई सुरू झाली, तीन आठवड्यांत आटोपलीसुद्धा. हा हलला नाही!

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत माझी आरामखुर्ची. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी स्वतःसाठी घेतलेली ती एकमेव चीज! तिच्यावर आता त्याची वळकटी. मी संध्याकाळी थकून यायचो आणि पिठाच्या डब्यावर बसायचो. त्या वर्षी सगळा देश सोमवारी एक वेळ उपाशी राहत होता, आणि हा गडी सोमवारी अकरा पोळ्या!

"अरे, सीमेवरच्या जवानाचा तरी विचार कर!" मी ओरडलो.

"त्याच्यासाठीच तर बारूद भरून राहिलो ना भाऊजी," तो बारावी पोळी घेत म्हणाला. "ताकद नको का?"

"अहो, काहून ओरडता त्याच्यावर?" माझी बायको पद्मजा आतून म्हणाली. "पक्का झाला की जाईल क्वार्टरमध्ये."

पक्का! सगळं घोडं तिथेच तर अडलं होतं. मदन महलच्या रामकृष्णपंतांची विभावरी त्याला सांगून आली होती. मुलगी चांगली, श्रीरंग तिच्यासाठी अर्धा वेडा. पण रामकृष्णपंत पडले रेल्वेतले गार्ड. झेंडी दाखवल्याशिवाय गाडी सोडायची सवय नाही. "पक्क्या नोकरीचं पत्र दाखवा, मुलगी घेऊन जा," एवढंच म्हणाले. म्हणजे पत्र आलं की लग्न, लग्न झालं की क्वार्टर, आणि क्वार्टर मिळालं की माझी आरामखुर्ची! पण लढाई थांबली होती, आणि टेंपररी माणसं कमी करणार अशी बोलवा होती.

अशात नोटीस लागली. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी टेंपररी कामगारांची एक मैलाची शर्यत. पहिला येईल त्याला बाहेरगावच्या सामन्यांना पाठवणार, आणि तिथे पक्कीच माणसं चालतात, म्हणून त्याला पक्कं करणार! वर लगेच क्वार्टर!

मी नोटीस तीनदा वाचली. घरी येऊन वळकटीला लाथ मारली. "ऊठ! उद्या पहाटेपासून पळायचं!"

"भाऊजी, माझ्याजवळ जोडे कुठे आहेत? स्टोअरचा अच्युत पांढरे कॅनव्हासचे घेऊन आला."

"जोडे? जोड्यांनीच माणसाचे पाय बिघडवले! टाचेखाली गादी मिळाली की माणूस टाच आपटायला मोकळा. अनवाणी आपटून बघ, कवटीपर्यंत झिणझिण्या येतील. पायच शिकवतात बाबा, पायच!"

आणि मी त्याला शिकवू लागलो. आधी चवडा टेकवायचा, टाच मग नुसती शिवायची. पाऊल आखूड टाकायचं, अंगाखाली पडलं पाहिजे, पुढे तंगडी फेकायची नाही. गुडघा सैल. मान सरळ. मूठ अशी, की आत चिमणीचं अंडं आहे. आणि आवाज? अजिबात नाही! पळताना तोंड उघडायचं नाही, श्वास नाकानं!

पहिल्या दिवशी त्याचे पाय ओले केले आणि पद्मजानं नुकत्याच सारवलेल्या अंगणात त्याला पळवलं. ठसे बघायला. टाचेचे एवढाले खड्डे!

"हे काय? हे काय?" मी किंचाळलो. "हत्ती आहेस का?"

"हे काय, हे मी विचारू का?" पद्मजा दारात येऊन म्हणाली. तिच्या हातात शेणाचं घमेलं होतं. पुढचं संभाषण मी इथे देत नाही. अंगण दुसऱ्यांदा मी सारवलं, एवढंच सांगतो.

पण पोरगा शिकला! तीन आठवड्यांत त्याचं पाऊल असं पडू लागलं की डोळे मिटले तर कोणी पळतंय हे कळू नये. मी खूश झालो. माझ्या बाबतीत हीच गोष्ट नेहमी घात करते.

लढाई थांबली होती, पण चेरीतालातली थांबली नव्हती. छत्रीतून उतरणाऱ्या शत्रूच्या गोष्टी अजून नळावर चालत होत्या. शेजारच्या भानुमतीबाई त्यातल्या तज्ज्ञ. एका पहाटे त्या वाकून रांगोळी घालत होत्या. मागून श्रीरंग आला. आवाज नाही! बाईंच्या कानाजवळून वारा गेला, त्यांनी वर पाहिलं, तर दोन हातांच्या अंतरावर एक माणूस, उघड्या पायांचा, हलतोय पण वाजत नाही!

"छत्रीवाला उतरला! छत्रीवाला!"

आठ माणसं लाठ्या घेऊन बाहेर पडली. "कौन है? रुक! नाम बता!" आणि हा शहाणा काय करतो? पळत राहतो! नाकानं श्वास घेत, ओठ मिटून! मी सांगितलं होतं ना, पळताना तोंड उघडायचं नाही! आठ जणांनी अख्खं चेरीताल पालथं घातलं, एकालाही तो सापडला नाही. शेवटी फेरी पूर्ण करून तो स्वतःच माझ्या दारात येऊन थांबला. मागून आठ माणसं धापा टाकत आली.

या ठिकाणी एखाद्या समजूतदार माणसानं म्हटलं असतं, हा माझा मेहुणा. मी त्या आठ जणांचे पाय पाहिले आणि माझा तोल गेला. "शरम नाही वाटत? सगळेच्या सगळे टाचेवर! अशानं माणूस पकडणार तुम्ही?"

आम्हा दोघांना चौकीत नेलं.

"जूते कहाँ हैं?" थानेदारांनी विचारलं.

"नहीं पहनता, साहब."

"और पैर की आवाज़ क्यों नहीं आती?"

"वही तो मैंने सिखाया है!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

"क्यों सिखाया?"

आता हे बोलून कसं समजणार? मी वहाणा काढल्या. थानेदार मान खाली घालून काहीतरी लिहीत होते, तेवढ्यात टेबलाला एक फेरी मारून दाखवली. मुळीच आवाज नाही! त्यांनी मान वर केली तर मी समोर नाही. मी त्यांच्या मागे! "देखा?" मी कानाशी म्हणालो. थानेदार खुर्चीतून हातभर उडाले, गर्रकन वळले आणि हाताच्या फटक्यानं दौत माझ्या सदऱ्यावर पडली.

दुपारी पद्मजा आली, भानुमतीबाईंना घेऊन. तिनं सगळं सांगितलं, मला बोलू दिलं नाही. थानेदारांनी अट घातली: लड़का दौड़े, पर घंटी बाँधकर! भानुमतीबाईंनी आपल्या गाईच्या गळ्यातली घंटा काढून दिली. महिनाभर ज्याला आवाज न करता पळायला शिकवलं, त्याच्या कमरेला घंटा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगायचं तर घंटेचा फायदाच झाला. पावलं सारखी पडली की घंटा सारखी वाजे. एक पाऊल चुकलं की लगेच कळे. मी अंथरुणातूनच ओरडायचो, "उजवी टाच!" सगळं चेरीताल जागं व्हायचं. त्याला माझा इलाज नव्हता.

आता माझ्या नोकरीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आमचा विभाग बारूद भरण्याचा. तिथे दारात जमिनीवर एक लाल रेघ आहे. अलीकडची बाजू मळकी, पलीकडची स्वच्छ. बाहेरच्या वहाणेचा खिळा, तळव्याला चिकटलेला वाळूचा कण, काहीही पलीकडे जाता कामा नये. एक ठिणगी उडाली की खेळ खलास! म्हणून रेघेवरच्या बाकावर बसायचं, बाहेरचे जोडे अलीकडे सोडायचे, दोन्ही पाय उचलून पलीकडे न्यायचे, आणि तिथला माणूस देईल ते बिनखिळ्यांचे जोडे घालायचे. त्या रेघेवर एकोणीस वर्षं मी उभा आहे, रोज सकाळी ती नव्यानं रंगवतोही मीच. कोणी घाईत मळका पाय पुढे टाकला की मी एकच शब्द ओरडतो, "पैर!" तो ऐकून भले भले जागच्या जागी थिजतात. श्रीरंग रोज दोनदा थिजायचा.

रविवार उजाडला. मैदानावर सगळा कारखाना लोटला होता. रामकृष्णपंत विभावरीला घेऊन पुढच्या रांगेत बसले होते. मी शेवटची रेघ पाहायला गेलो, आणि माझा संताप झाला. चुन्याची रेघ! तीही अर्धी पुसलेली! मागच्या वर्षी याच चुन्यावरून भांडण झालं होतं, पहिला कोण हे संध्याकाळपर्यंत ठरलं नव्हतं. माझ्या मेहुण्याचं लग्न मी चुन्यावर सोडू? मी घरून गेरू आणला होता, चांगला घट्ट कालवला, आणि स्वतःच्या हातानं रेघ ओढली. ठळक, सरळ, चार बोटं रुंद! रोजच्या सवयीनं हात बरोबर चालला.

शर्यत सुरू झाली. श्रीरंगच्या कमरेची घंटा त्या दिवसापुरती उतरवली होती. मैदानाच्या चार फेऱ्या. अच्युत पांढऱ्या जोड्यांत धप्प धप्प करत पहिल्या फेरीला पुढे होता. दुसऱ्या फेरीला त्याच्या टाचांनी सूड घेतला. तिसऱ्या फेरीला श्रीरंग त्याच्या शेजारून गेला, आणि अच्युतला ते कळलंही नाही! काय ती पावलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हो, आलं! चवडा, टाच, चवडा, टाच, खांदे सैल, मुठीत अंडं शाबूत! चौथ्या फेरीला तो चाळीस पावलं पुढे होता. विभावरी उठून उभी राहिली. रामकृष्णपंतांच्या खिशातून हिरवी झेंडी निघाली!

मी रेघेच्या पलीकडे उभा होतो. धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारलं होतं. श्रीरंग जवळ आला तसे मला त्याचे पाय दिसले. घोट्यापर्यंत चिखल! दोन मळकट, काळे, उघडे पाय, आणि ते माझ्या लाल रेघेच्या दिशेनं धावत येत होते!

एकोणीस वर्षं, हो! तोंड माझं होतं, पण ओरडलो मी नाही.

"पैर!!!"

श्रीरंग थांबला. रेघेच्या एक वीत अलीकडे. चवडा आधी, टाच मग, अगदी शिकवल्याप्रमाणे. तो खाली बसला, दोन्ही पाय हवेत उचलले आणि जोड्यांसाठी माझ्यापुढे हात केला! मागून आमच्याच विभागाचे तिघे आले. तेही थांबले. त्याच्यामागे शिस्तीत रांग लावली!

आणि ज्यानं जन्मात बारूद पाहिली नव्हती तो स्टोअरचा अच्युत, धप्प, धप्प, धप्प, माझी रेघ तुडवून पलीकडे गेला.

मैदानावर हशा पिकला. विभावरी मटकन खाली बसली. पद्मजानं माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहणं मी अजून विसरलेलो नाही. श्रीरंग पाय खाली ठेवून हळूच म्हणाला, "भाऊजी, तुम्ही काहून ओरडले?" मला स्वतःचीच चीड आली होती, आणि ती काढायला समोर दुसरं कोणी नव्हतं.

तेवढ्यात बडे साहेब उठले. हसत नव्हते. चौघांजवळ आले. "दौड़ अच्युत ने जीती," ते म्हणाले, "उसका इनाम पक्का. लेकिन जो आदमी जीतते-जीतते लाल लकीर पर रुक जाए, उसे मैं बारूद के काम से कैसे निकालूँ? ये चारों भी पक्के!"

मी आनंदानं नाचायचाच बाकी होतो. साहेबांनी श्रीरंगला विचारलं, "रहते कहाँ हो?"

आणि मी पुढे झालो! कोणी विचारलं होतं मला? "हमारे यहाँ, साहब! घर का लड़का है, कोई तकलीफ़ नहीं! जब तक चाहे रहे!"

"बहुत अच्छा," साहेब म्हणाले. "तो इसे क्वार्टर की जल्दी नहीं है." आणि त्यांनी तसं लिहून घेतलं.

माघात लग्न झालं. अच्युत कारखान्याजवळ खमरियाच्या क्वार्टरमध्ये एकटा ऐसपैस राहतो. श्रीरंग आणि विभावरी माझ्या बाहेरच्या खोलीत राहतात. विभावरी मोठी टापटिपीची. आल्या आल्या तिनं खोली झाडली, पुसली, आणि उंबऱ्यालगत गेरूची एक रेघ ओढली. ठळक, सरळ, चार बोटं रुंद.

काल संध्याकाळी मी पाळी संपवून घरी आलो. आरामखुर्ची आज परत घ्यायचीच, असं बसमध्ये ठरवलं होतं. रागानं फणफणत दार ढकललं. श्रीरंग खुर्चीत पेपर वाचत होता. त्यानं मान वर केली नाही. नुसतं म्हणाला,

"भाऊजी, पैर!"

आणि सांगायला लाज वाटते, मी उंबऱ्यावर बसलो, वहाणा अलीकडे सोडल्या आणि दोन्ही पाय उचलले.