मास्तरांचा उजवा पाय आणि झोंबी

"माझा पाय माझ्या ताब्यात आहे!" मास्तरांनी जाहीर केलं, आणि त्याच क्षणी तो पाय टेबलाखाली धाडकन जमिनीवर आपटला. खिडकीबाहेर एक सायकलवाला जरा वेगात वळला होता, एवढंच!

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत बरं का. गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. एकतीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखालच्या त्या जादाच्या ब्रेकच्या जोरावर त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. एवढ्या वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही! पण पाय मात्र कामातून गेला. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की ब्रेक. टीव्हीवर घोडे धावले की ब्रेक. झोपेत तर इतके ब्रेक मारायचे की पायथ्याकडे चादरीला भोक पडलं होतं. मास्तरीणबाई शिवणकाम करायच्या, त्यांनी त्यावर ठिगळ लावून वर एक मोर काढला होता. महिन्याभरात मोराचं डोकं गेलं.

हे सगळं घरानं हसण्यावारी नेलं असतं. पण ठकीचा प्रश्न होता.

ठकी त्यांची एकुलती एक लेक. तिला फिरत्या वाचनालयाची नोकरी लागली होती. पुस्तकांनी भरलेली गाडी स्वतः चालवत खेडोपाडी न्यायची. असलं काम जगात असतं हे कळल्यापासून ती हवेतच होती. अट एकच, एक तारखेच्या आत लायसन्स हवं. आणि परीक्षेचा नियम असा, की गाडी क्लासची, शेजारी मास्तर, मागच्या सीटवर परीक्षक. मास्तरांनी आपल्या ब्रेकला नुसता पाय लावला तरी समोर लाल दिवा पेटतो. दिवा पेटला की नापास. गावात दुसरा क्लास नव्हता.

पहिल्या वेळी रस्त्यात कबूतर होतं. दुसऱ्या वेळी एक आजीबाई फुटपाथवर उभ्या होत्या. नुसत्या उभ्या!

"बाबा, तिसऱ्यांदा नापास झाले तर सहा महिने परीक्षा नाही," ठकी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "माझी नोकरी तुझ्या पायात अडकलीय."

"अगं, पण ते कबूतर..."

"कबुतराला पंख होते, बाबा!"

मास्तरीणबाईंनी शिलाई मशीन थांबवली. त्या स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरून एक खोकं काढलं. ठकी शाळेत असतानाचा व्हिडिओ गेम. सोबत प्लास्टिकच्या दोन बंदुका.

"झोंबींचा?" ठकीला आईचा बेत तेव्हाच कळला. "आई, तू ग्रेट आहेस! बाबा, ऐक. या मालिकेतल्या बाकीच्या खेळांत आपणच चालायचं, लपायचं, जीव घेऊन पळायचं. हा एकच वेगळा. रुळावर बसवल्यासारखा हा आपल्याला पुढे नेतो. वळणार त्याच्या मनानं, थांबणार त्याच्या मनानं. तू फक्त नेम धरायचा आणि गोळी झाडायची."

"ब्रेक कुठंय?"

"नाहीये."

"निदान हळू करायला काही?"

"काही नाही!"

मेलेली माणसं अंगावर येणार याचं मास्तरांना काहीच वाटलं नव्हतं. ब्रेक नाही म्हटल्यावर मात्र त्यांना दरदरून घाम फुटला.

रोज दुपारी दोन ते चार, पडदे ओढून सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी पडद्यावर एका ओसाड इस्पितळाची बोळवजा वाट आली आणि तिच्यातून ते आपोआप पुढे सरकू लागले. मास्तरांनी असा काही ब्रेक मारला की तिवई आडवी झाली आणि चहाचा पेला मशीनखाली गेला. गोळ्या झाडायचं तर त्यांच्या ध्यानातच नव्हतं. ते झोंबींना शिस्त लावत होते.

"अहो, डाव्या बाजूनं चाला! रस्ता काय तुमच्या तीर्थरूपांचा आहे? आणि तू रे, वळायच्या आधी आरसा बघितलास का?"

"बाबा, तो खेळ आहे! त्याला आरसा नाही!"

"म्हणूनच ही वेळ आली त्यांच्यावर!"

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर हातात पकड घेऊन वर आले. "वर काय ठोकताय हो? माझ्या पेशंटचा दात हातात आला!"

"तुम्ही दातच काढत होता ना?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"काढत होतो, पण शेजारचा!"

पाचव्या दिवशी मात्र पाय थकला. तो आपटेना. मास्तर बंदूक धरून नुसते बसले, आणि खेळ त्यांना घेऊन निघाला. जिने वर आले आणि खाली गेले. धुक्यातले दिवे एकेक करून जवळ आले आणि कानाजवळून मागे सरले. झोंबी पण कसे, दिवसभराच्या रांगेतून घरी परतणाऱ्या माणसांसारखे हळूहळू येत होते. मास्तरांनी एकेकाला नेम धरून निरोप दिला. खिडकीच्या पडद्याच्या कडेनं दुपारचं पिवळं ऊन आत झिरपत होतं, कोपऱ्यात शिलाई मशीन एका लयीत चालू होती, आणि मास्तरांना इतकं बरं वाटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षं ते रोज फिरले होते, पण न घाबरता एकदाही नाही. आज कुणीतरी त्यांना नेत होतं आणि त्यांना काहीच करायचं नव्हतं. असं सुख आईच्या कडेवरून उतरल्यावर त्यांना मिळालंच नव्हतं.

मास्तर बरे झाले. जरा जास्तच बरे झाले!

"अहो, आंघोळीला जा," मास्तरीणबाईंनी सांगितलं, तर हे टॉवेल घेऊन मधल्या दारात उभे.

"जाताय ना?"

"नेईल की आपोआप," मास्तर मंद हसत म्हणाले. पाव तास तिथंच उभे होते. रस्त्यातून चालले तर तरंगत चालल्यासारखे, आणि समोरून हळू चालणारं कुणी आलं की दोन बोटं उचलून हलकेच "ठो" म्हणायचे. पोस्टमननं दोन्ही हात वर केले आणि शेजाऱ्यांची पत्रंसुद्धा यांच्याच हवाली करून गेला.

ठकीला आता वेगळीच धास्ती. पण परीक्षेची तारीख आली होती.

सकाळची वेळ होती. दोन्ही बाजूंना झाडं, रस्त्यावर सावल्यांची जाळी. मागच्या सीटवर मिशीवाले परीक्षक येऊन बसले. दोनदा नापास करणारे ते हेच. ठकीनं पट्टा लावला आणि दबक्या आवाजात विचारलं, "बाबा, पाय?"

"कुठला पाय?" मास्तर म्हणाले.

गाडी निघाली. झाडं समोरून आली आणि कानाजवळून मागे गेली. ठकीनं सुरेख वळण घेतलं, मास्तरांना ते लाटेसारखं वाटलं. चौकात कबूतर होतं. बहुतेक तेच! ठकीचे हात घट्ट झाले. मास्तरांनी दोन बोटं उचलली. "ठो." कबूतर उडालं. पुढे फुटपाथवर आजीबाई उभ्या होत्या. "ठो." आजीबाईंनी हात हलवून ओळख दाखवली.

मागे परीक्षकांचं लिहिणं थांबलं.

"मास्तर? काय चाललंय तुमचं?"

मास्तर या जगात नव्हते. परीक्षक पुढे वाकले आणि त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

आता, हा खेळ खेळलेल्या कुणालाही विचारा. मागून खांद्यावर हात पडला की त्याचा एकच अर्थ असतो. मास्तर गर्रकन वळले, दोन बोटं थेट मिशीवर रोखली आणि ओरडले, "ठकी! मागून आला! डोक्यात मार, डोक्यात!"

"थांबवा! गाडी थांबवा!" परीक्षकांनी किंकाळीच फोडली.

ठकीनं गाडी थांबवली. झटका नाही, हिसका नाही. पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे, वीतभर अंतर ठेवून. मग तिघांनीही एकदमच समोर बघितलं. लाल दिवा विझलेलाच होता! मास्तरांनी सीटवर मांडी घातली होती.

परीक्षकांनी खिशातून फणी काढून मिशी सारखी केली. "अचानक थांबण्याची चाचणी शेवटी असते," ते म्हणाले. "ती झाली असं समजू या."

कागदावर त्यांनी लिहिलं, 'उमेदवार उत्तम. मास्तरांना विश्रांतीची नितांत गरज.' ठकीनं तिथल्या तिथे बाबाला मिठी मारली, आणि आपल्याला नक्की कशाबद्दल मिठी मारली हे मास्तरांना घरी आल्यावर कळलं.

एक तारखेला पुस्तकांची गाडी दारात आली. ठकीनं आईला जवळ घेतलं, बाबाच्या पाया पडली आणि वाकल्या वाकल्या त्याच्या उजव्या पायाला बजावलं, "शहाण्यासारखा राहा." मग ती गाडीत चढली.

गाडी निघाली. मास्तर आणि मास्तरीणबाई पायरीवर उभे होते. आणि मास्तरांचं ते तरंगणं एकदम उतरलं. या वेळी पुढे जात होती ती ठकी, आणि ते स्वतः जागच्या जागी होते. आपली पोर एकटी चाललीय, शेजारी कुणी नाही, आणि कोपऱ्यावर तर वळण आहे! मास्तरांनी सगळा जीव गोळा करून पाय दाबला.

कोपऱ्यावर गाडीचे मागचे दोन्ही दिवे लालचुटुक पेटले. गाडी हळू झाली, नीट वळली आणि दिसेनाशी झाली.

"बघितलंस?" मास्तर पुटपुटले. "अजून लागतो माझा ब्रेक."

"बघितलं हो," मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता पाय उचला. खाली माझा आहे."