कर्नलसाहेबांची भिंत

आखातातल्या आमच्या अल सद्दच्या फ्लॅटमध्ये पवित्र मरियेची तसबीर पूर्वी हॉलमध्ये होती. आता ती किचनमध्ये, फ्रीजवर आहे. हॉलची भिंत कर्नल हॉथॉर्न यांना देण्यात आली आहे. इंग्रजांच्या काळी वायव्य सरहद्दीवर पदकं मिळवलेले हे गृहस्थ. त्यांच्या सहीचे कागद आमचे एडविन परदेशी लिलावांतून जमवतात. जुन्या शाईला दमट हवा सोसत नाही, म्हणून हॉलचा एसी अखंड चालतो. मी रोजची रोझरीची माळ फ्रीजच्या घरघरीत म्हणते. माता समजून घेते.

अभ्यासाअंती एडविनच्या ध्यानात आलं, की ज्या अधिकाऱ्याने कमी सह्या केल्या त्याचीच सही मोलाची ठरते. ते स्वतः कंपनीत एचआर मॅनेजर. तेव्हापासून त्यांनीही सही जपून वापरायला घेतली. टेबलावर अर्ज मुरू लागले.

एका शुक्रवारी कंपनीतला स्टोअरकीपर खलील घरी आला. रत्नागिरीला त्याच्या आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि रजेचा अर्ज कधीचा पडून होता.

"साहेब, तेवढी सही झाली असती तर. आत न्यायच्या आधी तोंड दाखव म्हणते."

"होईल, इन्शाल्ला. आधी हे बघा," म्हणत एडविननी त्याला सगळ्यात मोठ्या फ्रेमसमोर उभं केलं.

खलीलने चष्मा लावला. "हा तर रजेचा अर्ज. शिपायाची आई आजारी आहे. खाली साहेबांनी नामंजूर लिहिलंय."

"त्याच्या खाली बघा. सहीचं वळण बघा."

"मग त्याला आई भेटली काय, साहेब?"

"ते कागदात नाही. शिपायांचं कोण जमवतो?"

मी हळूच म्हटलं, "अहो, करून टाका ना सही."

एडविनना पटलं. त्यांनी फाउंटन पेन काढलं, अगदी कर्नलसाहेबांच्या वळणाने 'नामंजूर' लिहिलं आणि खाली लफ्फेदार सही केली.

"मंजूर काय, कुणीही लिहितं," ते म्हणाले. "जपून ठेवा, खलीलभाई. शंभर वर्षांनी भाव येईल."

खलीलची आई ऑपरेशनमधून उठली नाही. त्या दोन्ही आयांसाठी मी फ्रीजसमोर रोज एक माळ जास्त म्हणते.

हल्ली संग्रह पाहायला पाहुणे येतात. चहा घेतात, फोटो काढतात, पदकं कशाबद्दल मिळाली ते विचारतात. शिपायाचं नाव अर्जात वरच, स्वच्छ अक्षरात आहे. ते अजून कुणी विचारलेलं नाही. आपणही या एकदा. पदकांची माहिती छापून ठेवली आहे.