हैबतरावांच्या भेटीस भरलेला तमंचा नेला त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे चरणीं मस्तक ठेवून, तुळशीस पाणी घालून, आणि कोणाचें उणें लिहिणार नाहीं ऐसा संकल्प करून हीं अक्षरें मांडिलीं. संकल्प तडीस नेणें देवीचे हातीं. शके सोळाशें एकावन्न, सौम्य नाम संवत्सरे, वैशाख मासीं एका राज्यांत ऐसें जाहलें कीं सरदार हैबतराव घोरतळे यांसी हुजुरांतून मोहिमेचें बोलावणें आलें, आणि रावांनीं पोट दुखतें म्हणोन निरोप पाठविला, आणि तेच दिवशीं राव आमराईंत आंबे चोखीत बसले असतां हुजूरचे जासुदानें पाहिले. मग हुजूर रुष्ट जाहले आणि रावांस धरून डोंगरी गडावर बंदींत ठेविलें. रावांस कबिले दोन. थोरल्या आम्ही, लग्नास एकोणीस वर्षें. नित्य एकशेंआठ तुळशीपत्रें वाहणें, एक वेळ जेवणें, गाईस घास दिल्यावांचून पाणी न घेणें आणि आवाज न चढविणें, हीं आमचीं व्रतें. धाकटी दर्याबाई, लग्नास तीन वर्षें. तिचीं व्रतें आम्हांस ठाऊक नाहींत. रूप म्हणाल तर लोक म्हणतात कीं आहे. आम्हीं कधीं नीट पाहिलें नाहीं. नाकाचे डावे बाजूस तीळ आहे आणि हंसतांना उजवा गाल आधीं हालतो, इतकेंच ठाऊक.

आतां गडावरील भेटीचीं कलमें. किल्लेदार त्रिंबकपंत यांणीं तीं दरवाजाचे भिंतीवर लिहवून ठेविलीं होतीं. भेट पंधरवड्यांतून एक वेळ, पंचमीस, सगळ्यांची मिळून एक घटका. बंदवानापाशीं कोणीं हत्यार नेऊं नये. तलवार, कट्यार, बंदूक, तमंचा जें असेल तें दरवाजांत हवालदारापाशीं ठेवावें आणि गड उतरतांना परत घ्यावें. ज्याचें हत्यार ठेविलें त्याचें नांव, घराणें आणि हत्यार मोठ्यानें पुकारावें, म्हणजे मागाहून अदलाबदल होऊं नये, आणि त्यास पहिल्यानें वर सोडावें. ज्यापाशीं हत्यार नाहीं त्यानें दरवाजांतील लहान दिंडींतून वांकून मागाहून जावें. आणि शेवटलें कलम ऐसें कीं, जो कोणी भरलेला तमंचा अथवा बंदूक घेऊन बंदवानाचे भेटीस येईल, तो आप्त असो कीं परका, त्यास हुजूरचा हुकूम येई तों गडावरच अडकवून ठेवावें. कलमें चांगलींच होतीं. परंतु दर्याबाईचें माहेर शिलेदारांचें, आणि तिचे बापानें लग्नांत रुप्याचे मुठीचा तमंचा दिलेला. तो कमरेस लावून ती पालखींतून उतरे, आणि कोणास मोगऱ्याचें फूल द्यावें तैसा दोन बोटांनीं काढून जोत्याजी हवालदाराचे हातीं देई, आणि जोत्याजी घसा ताणून पुकारी, "हैबतराव घोरतळे यांच्या कबिला दर्याबाईसाहेब, तमंचा एक, रुप्याचे मुठीचा, भेटीस येताती हो!" आणि तें वर कोठडींत ऐकूं जाई, आणि राव उठून तोंड धूत, मिशीस पीळ देत, आणि पाऊण घटका तिचेंच बोलणें चाले. मग आम्ही दिंडींतून, धोबिणीचे मागें, डोईचा पदर चौकटीस अडकवीत वर जावें, तों राव जांभई आवरून म्हणावे, "तुम्हीही आलां होय? बरें झालें. तुळस बरी आहे ना?" एकोणीस वर्षांनीं नवरा तुळशीची खुशाली पुसतो. आम्ही बरी आहे म्हणालों. आवाज चढविला नाहीं.

ऐसें चालतां श्रावणांत हुकूम आला कीं दसरा होतांच हैबतरावांस समुद्रांतले किल्ल्यावर न्यावें. तेथें भेटी नाहींत, मुदत सांगितली नाहीं. मात्र एक कबिला बरोबर राहावयास परवानगी, आणि कोणता तें रावांनीं भाद्रपद वद्य पंचमीस किल्लेदारांपुढें नांव घेऊन सांगावें. मग आमचे पोटांत जें पेटलें तें एकभुक्तानें विझेना. देवीस कौल लाविला. देवीनें उजवा दिला आणि मग डावाही दिला. तेव्हां विचार केला कीं पुरुषमाणूस जें नांव कानीं पडतें तेंच तोंडें घेतो, आणि रावांचे कानीं आमचें नांव इतक्या महिन्यांत एकदां पडलें नाहीं. सबब हत्यार पाहिजे. म्हणोन श्रावण वद्य पंचमीस आम्हीं अडकित्ता नेला. जोत्याजी म्हणाला, "बाईसाहेब, हा सुपारीचा." आम्ही म्हणालों, "बोट तुटतें यानें." तो म्हणाला, "तुटेल हो. पण पुकारूं काय? अडकित्ता एक? वरले पहारेकरी जन्मभर मज अडकित्ता म्हणतील." मग भाद्रपद शुद्ध पंचमीस आम्हीं विळी नेली. जोत्याजीनें हात जोडिले. "ठेवून घेतों, पण पुकारणार नाहीं. माझी बायको असल्याच विळीनें भेंडी चिरते." आणि दर्याबाई पालखीपाशीं उभी, ती म्हणते, "आक्कासाहेब, पुढचे खेपेस पाटावरवंटा आणा. मी उचलूं लागेन." भोई हंसले. त्यांतील एक भोई आमचे माहेरगांवचा.

तेव्हां घरीं येऊन आम्हीं तीं कलमें मनांत पुन्हां वाचिलीं, आणि शेवटल्या कलमापाशीं मन थांबलें. भरलेला तमंचा आणील त्यास गडावरच अडकवावें! म्हणजे पुकारा नको, परवानगी नको, रावांनीं नांव घेणें नको. अडकलों ते रावांपाशींच अडकलों, दसऱ्यास नेतील तेव्हां जवळ असेल तीच बरोबर जाईल, आणि दर्याबाई घरीं. जें कलम वाचून लोक भितात तें आम्हांस वरदान दिसलें. मामंजींचा तमंचा देवघरांत होता, दर खंडेनवमीस आम्हीं त्याची पूजा करीत आलों. आमची दासी भागू, तिचा नवरा तोफखान्यांत; तिणें चिमूटभर दारू आणिली आणि ठांसली आणि पुसिलें, "गोळी घालूं ना?" आम्ही म्हणालों, "गोळीनें जीव जातो." ती म्हणाली, "मग काय घालूं, लाडू?" मग आम्हीं पूजेची सुपारी दिली, आणि वरून हळदकुंकू व अक्षता आपले हातें भरिल्या, कीं शस्त्र पूजेवांचून उंबऱ्याबाहेर काढूं नये. भागू म्हणाली, "बाईसाहेब, हें उडालें तर समोरच्याची ओटी भरेल, मरणार कोणी नाहीं."

मग वद्य पंचमीचा दिवस आला. राव घेतील तें नांव लिहून घ्यावें म्हणोन त्रिंबकपंत पांढरा अंगरखा, पांढरें पागोटें ऐसे स्वतः दरवाजांत बसले होते, आणि दर्याबाई जांभळें लुगडें नेसून आधींच येऊन उभी होती. आम्हीं पदराखालून तमंचा काढून जोत्याजीपुढें ठेविला आणि म्हणालों, "भरलेला आहे." जोत्याजी म्हणाला, "चुकून भरला असेल." आम्ही म्हणालों, "नाहीं, जाणून." त्यानें नळींत गज घातला, तों गजास कुंकू आणि अक्षता लागून आल्या. पंत हंसले आणि म्हणाले, "बाई, आपण देवमाणूस. हा भरलेला नव्हे, हा पूजलेला. जोत्याजी, रिकामा म्हणोन ठेवून घे, आणि बाईंस दिंडीनें सोड." पुन्हां दिंडी! दर्याबाईचा उजवा गाल हालला, तो आम्हीं पाहिला. मग आवाज न चढवितां आम्ही बोललों, "पंत, एकदां चाप ओढून पाहावा." पंतांनीं मौजेनें तमंचा घेतला, नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढिला. तों मोठा आवाज होऊन कुंकवाचा लोट उठला, आणि सुपारी वर कमानीस लागून उलटली ती पंतांचे पागोट्यावर टपकन बसली, आणि पंत टिळ्यापासून जोड्यापर्यंत लाल जाहले. मग पंत मिशींतल्या अक्षता वेंचीत म्हणाले, "भरलेला होता. बाईंस अडकवा." आम्हीं देवीचें नांव घेतलें. परंतु दर्याबाईस अक्कल आहे, तें आम्ही नाकबूल करीत नाहीं. तिणें भिंतीकडे पाहिलें, आम्हांकडे पाहिलें, आणि सर्व समजून ओरडली, "माझाही भरलेला आहे!" जोत्याजी म्हणाला, "नाहीं बाईसाहेब, आपला रिकामाच असतो, मी रोजचा पाहणारा." तों तिणें शेजारचे पहारेकऱ्याचें दारूचें शिंगडें हिसकिलें, तमंच्यांत दारू ओतिली, गोळी घातली, आणि पंतांपुढें धरून म्हणते, "आतां पाहा. आक्कासाहेबांचे सुपारीहून बरी आहे कीं नाहीं?" पंतांनीं लाल कपाळास लाल हात लाविला आणि म्हणाले, "हिलाही घ्या." आणि मग कळलें कीं बायकांची बंदी वर नाहीं, खालीं माचीवर आहे, आणि दोघींस मिळून खोली एक. हें भिंतीवर कोठें लिहिलें नव्हतें.

पंतांनीं हुजुरांस सर्व लिहिलें. हुजूर पत्र ऐकून पुष्कळ हंसले आणि म्हणाले, "एक आजारी सरदार धरून ठेवण्यापेक्षां त्याच्या दोन बायका ओलीस असणें बरें. रावांस सोडा, आतां पोट न दुखतां मोहिमेस येईल." आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेस राव मोकळे होऊन घरीं गेले, जेथें आतां तुळशीस पाणी घालावयास भागूवांचून कोणी नव्हतें. इकडे खोलींत आम्ही आणि दर्याबाई. तिणें खिडकीकडची जागा घेतली. केंस विंचरावयास तीस अर्धा प्रहर लागतो, हें तोंवर ठाऊक नव्हतें. आतां रोज पाहणें आलें. मग पंचमीस राव भेटीस आले. आणि माचीचें कलम ऐसें कीं एका भेटकऱ्यास एकच बंदवान, नांव घेऊन मागावा. दोघी दाराशीं कान लावून उभ्या. तिची कांकणें आमचे हातास लागत होतीं. आणि रावांनीं आमचें नांव घेतलें. काय घेतलें तें येथें लिहीत नाहीं, बाईमाणसानें आपलें नांव बखरींत मिरवूं नये. पण घेतलें, मोठ्यानें घेतलें, आणि दर्याबाईनें ऐकिलें. आम्ही पदर सारखा करून गेलों. राव बसले आणि म्हणाले, "बरें आहे ना? खोलीस ओल फार म्हणतात. दर्याबाईस ओल सोसत नाहीं, पांघरूण दोन आहेत कीं एक? तिला आंबट खाऊं देऊं नका. मजवर रागावली आहे का? रडते का?" ऐसी घटका भरली. आम्हीं एकेका गोष्टीचें उत्तर दिलें. परत आलों तों ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, पुसते, "काय म्हणाले?" चातुर्मासांत आम्ही खोटें बोलत नाहीं, सबब म्हणालों, "घटकाभर तुझेंच पुसत होते." ती हंसली, गाल न हालवितां. "आक्कासाहेब, भीक घालूं नका." आणि मग फार रडली, आणि जेवली नाहीं, आणि आमचें त्या दिवशींचें एकभुक्त, देवी क्षमा करो, फार गोड लागलें.

मग वद्य पंचमीस राव पुन्हां आले आणि दर्याबाईचें नांव घेतलें. ती कांकणें वाजवीत गेली. आम्ही जपमाळ घेऊन बसलों आणि एकच मणी पुन्हां पुन्हां ओढिला. घटकेनें ती आली, वेणींतलें फूल काढून खिडकींत ठेविलें आणि बसली. आम्हीं पुसिलें नाहीं. तीच म्हणाली, "तुमचेंच पुसत होते. उपास फार करते का, दूध घेते का. म्हणाले, एकोणीस वर्षांत कधीं तिला समोर बसवून जेवूं घातलें नाहीं, आणि आतां घर रिकामें झाल्यावर घास उतरत नाहीं." आम्ही म्हणालों, "खरें सांगतेस?" ती म्हणाली, "खरें," आणि बाहेर पाहूं लागली. ऐसें रावांचे तोंडचें आम्हीं जन्मांत ऐकिलें नव्हतें, आणि तें ऐकिलें तेंही तिचे तोंडून. रावांनीं तें म्हटलें असेल, तर तीस सांगितलें आणि आम्हांस कां नाहीं? आणि म्हटलें नसेल, तर तिणें आम्हांवर दया केली, दर्याबाईची दया! तिला खरें बोलण्याचें व्रत नाहीं.

एवंच, कलम जाणून मोडिलें, राव सुटले, आम्ही दोघी अडकलों, आणि रावांचे मनांत कोण आहे तें ठरवावयास ज्या दोघी जणी साक्षीस आहेत त्यांचा एकमेकींवर विश्वास नाहीं. कार्तिक शुद्ध पंचमी चार दिवसांवर आली आहे. आम्हीं लुगडें धुवून वाळत घातलें आहे. तिणेंही घातलें आहे, दोरी एकच. लेखनसीमा.