परका माणूस डोकं आपटतो

"स्वयंपाकघराच्या दारात तू डोकं आपटायचं," ग्लेनिसनं बजावलं. "परका माणूस तिथं आपटतोच. तू आजवर एकदाही आपटला नाहीस. अर्ज तपासायला येणाऱ्या त्या बाईला लगेच संशय येईल."

"मुद्दाम आपटू?" ट्रेव्हर म्हणाला.

"मुद्दाम नाही, अगदी सहज आपट. आणि मला ग्लेनिस म्हणू नकोस. मी मिस टॉयन. मी घरमालकीण, तू भाडेकरू. कळलं का?"

ट्रेव्हर हॅगरस्टनला सगळं कळत होतं, म्हणून तर सकाळपासून त्याच्या घशाखाली चहा उतरत नव्हता. उभा जन्म त्यानं इंग्लंडातल्या ग्रिम्सबी बंदराच्या गोदीवर मासे कापले, कुणापुढे हात पसरला नाही. म्हातारपणी मात्र ज्या खोलीत तो राहत होता ती मालकानं विकली, आणि पेन्शनीत दुसरी परवडेना. मग तो समुद्रकाठी गाडी लावून गाडीतच झोपू लागला. ओळखीचं कुणी दिसलं की सीटवर आडवा व्हायचा. एका सकाळी काचेवर टकटक झाली. बघतो तर घटस्फोटित बायको, हातात चहाचा थर्मास.

"मागची खोली रिकामी आहे," ती म्हणाली होती. "फुकट नाही हं. भाडं देणार असशील तर ये."

फुकट म्हणाली असती तर तो गेलाच नसता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण भाडं आणायचं कुठून? म्हाताऱ्यांना भाड्यासाठी सरकारी मदत मिळते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून लाजतकाजत त्यानं अर्ज केला. आणि नंतर कळला तो नियम: ज्या घरात पूर्वी नवरा-बायको म्हणून नांदलात, त्याच घरात त्याच बायकोचे भाडेकरू झालात तर मदतीतला छदामही मिळायचा नाही. हे घर तेच होतं! याच घरासाठी दोघं कोर्टात दोन वर्षं भांडली होती. ग्लेनिस जिंकली होती आणि ट्रेव्हर कपड्यांच्या पेटीसकट बाहेर पडला होता. आता ही मदत नामंजूर झाली की पुन्हा ती गाडी आणि तोच समुद्र.

"खोटं बोलायचं म्हणजे..." तो पुटपुटला.

"खोटं कुठं बोलायचंय? फक्त विचारल्याशिवाय बोलायचं नाही. बघ, आली बाई!"

नगरपालिकेच्या मिस पिंचबेक या ठेंगण्या, हसतमुख बाई होत्या. कोट काढता काढता त्यांनी हवेची चौकशी केली. ग्लेनिस त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. मागून ट्रेव्हर आला आणि ठरल्याप्रमाणे त्यानं चौकटीवर डोकं आपटलं. सहज आपटायचं होतं, पण घाबरलेल्या माणसाला सहज काही जमतं का? असा धाडकन आवाज झाला की फळीवरचे कप वाजले. ट्रेव्हरच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

"अगंबाई!" ग्लेनिस फ्रीजरकडे धावली. वाटाण्यांची गोठलेली पिशवी हातात घेऊन ती दोन पावलं आली आणि मध्येच थबकली. कुठली घरमालकीण भाडेकरूच्या कपाळाला वाटाणे लावते? तिनं पिशवी गुपचूप परत ठेवली.

"लागलं का हो, मिस्टर हॅगरस्टन?" तिनं थंडपणे विचारलं.

"नाही हो, मिस टॉयन. या घराची अजून सवय नाही ना."

मिस पिंचबेकबाईंनी प्रश्न विचारले. स्वयंपाक कोण करतं? आपापला. फ्रीज? वरचा कप्पा यांचा, खालचा माझा. भाडं थकलं तर? "तर बाहेर काढीन," ग्लेनिस म्हणाली. हे ती इतक्या मनापासून म्हणाली की ट्रेव्हरला वाईट वाटलं. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "आणि न्हाणीघर, संडास वगैरे?"

"मी वरचंच वापरतो," ट्रेव्हर म्हणाला. इथं थांबायचं की नाही? पण चोराच्या मनात चांदणं! "खालचा संडास मिस टॉयनबाईंचा. मी तिकडे फिरकतसुद्धा नाही. खरं सांगायचं तर तो कुठल्या बाजूला आहे तेही मला माहीत नाही."

ग्लेनिसनं टेबलाखालून त्याला लाथ मारली.

"ठीक आहे." बाईंनी पेनला टोपण लावलं, पिशवी बंद केली आणि उठल्या. "माझं समाधान झालं. तुमचं काम होऊन जाईल. फक्त निघण्यापूर्वी... तो खालचा संडास कुठे आहे?"

"जिन्याखाली," ग्लेनिस बोलून गेली आणि बाई आत शिरल्यावर तिला ते दार आठवलं.

त्या दाराचं असं होतं की ते ट्रेव्हरनं बसवलेलं होतं. लग्नाच्या काळात नवीन दाराला पैसे नकोत म्हणून गोदीवरच्या पाडलेल्या गोदामाचं दार त्यानं उचलून आणलं आणि स्वतःच तासून ठोकलं. आतून कडी लावली की ते असं रुतून बसायचं की उघडायची युक्ती फक्त ट्रेव्हरला माहीत. तो घर सोडून गेल्यावर ग्लेनिसनं ते कधी लावलंच नव्हतं. एकट्या बाईला घरात कडी कशाला हवी? ती उघड्या दारानंच बसायची.

"बाई, कडी लावू नका!" ग्लेनिस ओरडली, पण खट्ट आवाज येऊन गेला होता.

पाण्याचा आवाज झाला. मग कडी खडखडली. दाराला धक्के बसले.

"अहो मिस टॉयन, हे दार उघडत नाहीये!"

ग्लेनिसनं ट्रेव्हरला ओढत स्वयंपाकघरात नेलं. "उघड ना ते!"

"कसं उघडू? संडास कुठं आहे तेच मला माहीत नाही म्हणून सांगितलंय ना!"

"तुला कुणी सांगितलं होतं एवढी जीभ चालवायला? अति तेथे माती! मग शेजारच्या सिरिलला बोलवू?"

"सिरिल? अगं, तो आपल्या लग्नात माझा करवला म्हणून शेजारी उभा होता! आल्या आल्या विचारील, काय रे ट्रेव्ह, अजून तेच दार?"

"आगीचा बंब?"

"आणि ते कुऱ्हाडीनं दार फोडतील. भरपाई कोण देणार, तू?"

आतून आता बारीक आवाजात चर्चमधलं भजन ऐकू येऊ लागलं. मध्येच थांबायचं, धापा टाकल्याचा आवाज यायचा, की पुन्हा सुरू. ट्रेव्हर दारापाशी गेला. त्याच्या कपाळात ठणका मारत होता.

"बाई, घाबरू नका," तो म्हणाला. "मला या दारातलं काही कळत नाही, पण... असाच आपला अंदाज... कडीच्या खाली बोट घालून बघा. तिथं एक वाकडा खिळा असेल."

"आहे!"

"तो तुमच्या उजवीकडे वळवा. डावीकडे नको, डावीकडे वळवला की निघून हातात येतो. म्हणजे... असा अंदाज."

आतलं भजन थांबलं. "मिस्टर हॅगरस्टन, तुमचा अंदाज फार बारीक आहे हो."

तेवढ्यात आतून आवाज आला, "अगंबाई, निघालाच तो!" आणि खिळा फरशीवर पडल्याचा आवाज झाला. मग हुंदका.

ट्रेव्हरला स्वतःची अशी लाज वाटली की अंगभर घाम फुटला. सरकारी मदतीसाठी हात पसरताना वाटली त्याहून जास्त, गाडीत लपताना वाटली त्याहूनही जास्त. एका भल्या बाईला त्यानं आपल्या भाड्यापायी संडासात कोंडून ठेवलं होतं. आईनं हे पाहिलं असतं तर कान धरून गोदीपर्यंत नेलं असतं.

"मागे व्हा, बाई," तो म्हणाला. "कमोडवर बसा आणि पाय वर घ्या." त्यानं दाराची मूठ धरून वर उचलली, वरच्या बिजागरीला खांदा लावला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यावर लाथ घातली. "हे दार मीच बसवलंय. चुकीचं बसवलंय. आणि ही... ही माझी बायको होती. याच घरात. मला माफ करा." दुसऱ्या लाथेला दार उघडलं.

मिस पिंचबेक कमोडवर पाय जवळ घेऊन बसल्या होत्या. नाक लाल झालं होतं. बाहेर येऊन त्यांनी स्कर्ट झटकला आणि ट्रेव्हरकडे जरा रागानंच पाहिलं.

"मी पिशवी बंद केली होती, मिस्टर हॅगरस्टन. नुसतं दार उघडायचं होतं. हे सगळं मला कशाला ऐकवलंत?"

"तुम्ही रडत होता."

"म्हणून काय झालं! आता ऐकलं म्हटल्यावर मला लिहायला नको?" त्यांनी सुस्कारा सोडला. "अजून पैसे दिलेले नाहीत, तेव्हा अर्ज मागे घ्या, म्हणजे पुढे कुणी काही म्हणणार नाही. नियम घराबद्दल आहे हो. यांच्याच घरी भाड्यानं राहिला असतात, पण दुसऱ्या कुठल्या घरात, जिथं तुम्ही जोडीनं नांदला नाहीत, तर मी आत्ता मंजुरीची शिफारस करून गेले असते."

त्या कोट चढवून गेल्या. ट्रेव्हरला ग्लेनिसकडे बघवेना. तिला खोट्यात ओढलं आणि वर खोटं निभावतासुद्धा आलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"मी आवरतो माझं," तो म्हणाला. "सकाळी निघेन."

"कुठं? गाडीत?"

ग्लेनिसनं वाटाण्यांची पिशवी आणली आणि त्याच्या कपाळावर जरा जोरातच दाबली.

"हे घर मी विकून टाकते," ती म्हणाली. "एखादं लहानसं बघते. इथं जिने चढून माझे गुडघे गेलेच आहेत."

"तुला वेड लागलंय का? या घरासाठी कोर्टात माझी सालटी काढली होतीस!"

"तेव्हा घर हवं होतं. आता भाडं हवंय."

"माझ्यासाठी विकतेस?"

"भाड्यासाठी म्हटलं ना! कान फुटले का?" पण ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

लग्नात असताना हिनं त्याच्यासाठी सोफ्याची जागासुद्धा बदलली नव्हती. नको म्हणायला हवं, हे ट्रेव्हरला कळत होतं. पण 'नको' हा शब्द काही तोंडातून निघेना. अखेर खाली मान घालून, वाटाणे धरून तो म्हणाला,

"बघ मग. पण दोन स्वतंत्र खोल्यांचंच बघ हं, ग्लेनिस. लोक काय म्हणतील!"