फडक्याआडचं गाणं

आमच्या गल्लीत प्रेमगीत म्हणायचं असेल तर तोंडाला फडकं बांधून आणि अजिबात आवाज न करता म्हणावं लागतं. हा नियम बाळूअण्णांचा. बेळगावच्या वडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत साड्यांचा माग. गेली तीन वर्षं हा माणूस सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, हातात धुतलेलं पांढरं फडकं घेऊन माझ्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "मास्तर, बांधा."

मी मास्तर नाही, कॉलेजात क्लार्क आहे. हे मी अण्णांना कितीदा तरी सांगितलं. "कॉलेजात हाय म्हणजे मास्तरच की," असं म्हणून ते फडकं पुढे करतात. मी ते नाकातोंडावरून घेऊन मागे गाठ मारतो, त्यांच्यासमोर पाटावर बसतो आणि कुठल्या तरी जुन्या प्रेमगीताचं एक कडवं नुसते ओठ हलवत म्हणतो. अण्णा माझ्या तोंडावरच्या फडक्याकडे डोळे बारीक करून बघत राहतात. कडवं संपलं की एकच निकाल.

"ह्ये न्हवं. पर ठेवा."

ठेवा म्हणजे पेनड्राइव्हमध्ये ठेवा. तिथे अण्णांचा अल्बम तयार होतोय. पन्नास सालापासून आजपर्यंतची प्रेमगीतं, दहा दहा वर्षांचा एक कप्पा. गाणी शोधायची मी, भरायची मी आणि गाळलेल्या घामाची दाद म्हणून ऐकायचं काय, तर "ह्ये न्हवं." माझी बायको एकदा म्हणाली, "लग्नाला अठरा वर्षं झाली, माझ्यासमोर कधी एक ओळ म्हटली नाहीत. अण्णांसमोर रोज प्रेमगीत म्हणता." मी डबा उचलला आणि कॉलेजला गेलो.

आता या सगळ्यामागचं कारण सांगतो, नाहीतर तुम्ही मला वेडा समजाल. अण्णांनी चाळीस वर्षं पॉवरलूम चालवला. मागाच्या खडखडाटात त्यांचा डावा कान कधीच गेला. उजव्या कानात ओरडलं तर थोडंफार पोचतं. पण मागावरच्या माणसांना ओठ वाचता येतात, कारण तिथे दुसरा इलाजच नसतो. त्यामुळे अण्णांसमोर बसून त्यांची चुगली करायची सोय नाही. आमच्या हिने एकदा खिडकीत उभं राहून "काय कटकट आहे म्हाताऱ्याची" असं पुटपुटलं, तर अंगणातून उत्तर आलं, "व्हय गं बाई, हाय खरी."

त्यांच्या बायकोचं नाव शालाक्का. ती मागाच्या समोरच्या कोपऱ्यात बसून रहाटावर कांड्या भरायची, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायची. सुताचा बारीक कापूस नाकातोंडात जातो म्हणून तिने पदर नाकावरून घट्ट घेतलेला असायचा. फक्त डोळे दिसायचे. आणि दिवसभर तो पदर हलायचा.

"गाणं म्हणायची, मास्तर," अण्णा सांगतात. "माग चालू झाला की सुरू. पदर दोनदा बारीक हलायचा, मग एकदा लांब, मग जरा थांबायचा. परत दोनदा बारीक. एकच गाणं. तीस वर्सं बघितलो मी. माग बंद केला की ही पण बंद. लगीन नवं होतं तवा एकदा इचारलो, काय म्हणत होतीस गं? तर हसली. काय न्हाय म्हणाली."

"मग तुम्ही काय करायचात?"

"मी मान डोलवायचो की. दाद द्यायला. तिकडं धोटा पळतोय, हिकडं मी ताल धरलोय. लई खूश दिसायची बघा ती. डोळं हसायचे."

शालाक्का तीन वर्षांपूर्वी गेली. छातीत गाठ होती. डॉक्टरांनी बघितली तेव्हा फार उशीर झाला होता. अण्णा तिच्या आठवणीने रडले असतील, पण आमच्यासमोर ते तिच्यावर चिडतातच. "एक शब्द बोलली न्हाय मला. दोन वर्सं अंगावर काढली. नवरा समोर बसलाय, सांगायला काय झालतं हिला? एकदा, फक्त एकदा सांगायची की." हे बोलताना त्यांचा आवाज इतका चढतो की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागतात. मग ते पुन्हा गाण्याकडे वळतात. बायको गेली, निदान तिचं गाणं तरी सापडावं, एवढीच त्यांची मागणी होती. गाणं सापडलं की त्या साऱ्या वर्षांत ती आपल्याला काय म्हणत होती ते कळेल. दुसरं काही नको.

फडक्याच्या नियमापायी गल्लीने पुष्कळ भोगलंय. अण्णा कुणालाही सोडत नसत. दूधवाला, शिंपी, पुजारी, सगळ्यांच्या तोंडाला फडकं बांधून झालं. एकदा गॅसवाल्याला दारात उभं केलं. सिलेंडर खांद्यावर, तोंडाला फडकं, आणि समोर म्हातारा हात जोडून बघतोय. समोर नवीन भाडेकरू आले होते. त्या बाईंनी खिडकीतून हे बघितलं आणि "चोर, चोर" म्हणून अशी काही बोंब ठोकली की गॅसवाला सिलेंडर टाकून पळाला. तो पुढे दोन महिने आमच्या गल्लीत आला नाही. आम्ही सगळे सायकलवरून सिलेंडर आणत होतो. पण अण्णांना त्याचं दुःख नव्हतं. त्यांचं म्हणणं, "दुसरं कडवं ऱ्हायलं न्हवं का!"

दहा दहा वर्षांच्या कप्प्यांबद्दल त्यांची मतंही ठाम. "साठीतलं प्रेम विहिरीवर जायचं. सत्तरीतलं जत्रंला. ऐंशीतलं बसस्टँडवर. नव्वदीत कॉलेजच्या गेटावर गेलं. आताचं कुठं जातच न्हाय, फोनातच बसतंय." ऐकू येत नसताना गाण्यांबद्दल इतकं ठाम मत असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मराठी झाली, हिंदी झाली, कन्नड झाली. शालाक्काचं माहेर निपाणीचं, मराठीच. "पर शेजारीण कानडी होती, काय सांगावं," म्हणून माझ्याकडून त्यांनी कन्नड प्रेमगीतंही म्हणवून घेतली. संध्याकाळी अण्णांनी पेनड्राइव्ह स्पीकरला लावायचा, स्पीकरवर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटून थरथर मोजत बसायचं. तो भलामोठा अल्बम म्हणजे शालाक्काने न म्हटलेल्या गाण्यांचा साठा होता. माझ्या मनात हे एकदा आलं आणि मग त्या स्पीकरजवळ बसवेना.

एके दिवशी गाणी संपली. म्हणजे मला शोधून सापडतील तेवढी संपली. शेवटच्या गाण्यालाही "ह्ये न्हवं" झालं. दुसऱ्या दिवशी अण्णा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण सकाळी दाराकडे बघत चहा गार व्हायला लागला. चौथ्या दिवशी मीच गेलो. अण्णा बंद मागाजवळ बसले होते. दाढी वाढलेली, गंध नाही.

मी उजव्या कानात ओरडलो, "अण्णा, निपाणीच्या इंदाक्कांना विचारलंत का?"

इंदाक्का म्हणजे शालाक्काची थोरली बहीण. दोघी दर उन्हाळ्यात आठ दिवस एकत्र असायच्या. तिला ठाऊक नसेल तर कुणाला? हे मला तीन वर्षं सुचलं नाही याचा मला राग आला. पण अण्णांना ते पहिल्या दिवसापासून सुचलेलं होतं. त्यांनी जीभ चावली.

"काय बोलताय मास्तर? आकडसासू हाय ती माझी. तिच्यासमोर मी आजवर खुर्चीवर बसलो न्हाय. तिला इचारू, तुझी भण कुठलं प्रेमाचं गाणं म्हणायची म्हणून? थोबाडीत मारंल, आणि मारावीच."

"मी विचारतो. तुम्ही बाहेर थांबा."

अण्णा उठून दाढी करायला गेले.

रविवारी आम्ही कोल्हापूरच्या गाडीने निपाणीला उतरलो. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, हातात अर्धा किलो कुंद्याची मिठाई, खिशात पेनड्राइव्ह आणि नवीन फडकं. गाणं सापडलं तर तिथेच अल्बमात घालायचं ठरलं होतं. चेहरा असा की मुलगी बघायला निघालाय.

इंदाक्का दारातच उजेडाला बसून विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. अण्णांनी लांबूनच वाकून नमस्कार केला आणि बोळाच्या पलीकडच्या कट्ट्यावर जाऊन बसले. मी इंदाक्कांसमोर उंबऱ्यावर बसलो. अण्णा माझ्या पाठीमागे होते. मी विषय काढला.

"गाणं?" विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता इंदाक्का हसल्या. "शालीला कुठलं गाणं येतंय? ती आरतीत तोंड उघडली की आम्हीच गप बस म्हणायचो."

"मग दिवसभर पदर हलायचा तो?"

"बोलत होती की."

"कुणाशी?"

"कुणाशी म्हणजे? पावण्यांशीच, तुमच्या अण्णांशी. लगीन झालं तवा त्या एवढ्याशा घरात सासू, सासरा, दोन दीर. नवऱ्याशी बोलायचं कवा? माग चालू झाला की कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाय. तवा बोलायची. डोकं दुखतंय, सासू अशी म्हणाली, दिवस गेल्यात, मग ते पण ऱ्हायलं न्हाय. दोनदा अवो, अवो म्हणायची आणि सगळं तिथं बसून सांगायची त्यास्नी, मग जरा थांबायची. पुढं सासू गेली, दीर वायले होऊन दुसरीकडं गेले, पर ती सवय न्हाय गेली. माग बंद झाला की जीभच उचलत न्हाय म्हणायची."

"पण त्यांना कुठं ऐकू येत होतं?"

"मी पण तेच म्हटलं तिला. तर म्हणाली, आक्का, त्यास्नी समजतंय. मान हलवत्यात."

पुढचं ऐकू नये असं वाटलं. पण इंदाक्कांचे हात चालू होते आणि बोलणंही.

"छातीत गाठ आलीया म्हणून मला सांगितली, तवा मी इचारलं, पावण्यांना सांगितलीस का? म्हणाली, व्हय, रोज सांगतीया. मान हलवत्यात. लग्नसराईच्या साड्या एकदा झाल्या की नेतील दवाखान्यात." त्यांनी विडी सुपात टाकली. "मी तवा हाताला धरून न्यायला पायजे होतं तिला. माझंच चुकलं."

मी उठलो. बोळ ओलांडायला चार पावलं लागली, त्या चार पावलांत मी खोटं तयार केलं. अण्णांच्या उजव्या कानाशी वाकून म्हटलं, "आक्कांना आठवत नाही म्हणतात."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांनी उठून कुंदा इंदाक्कांच्या उंबऱ्यावर ठेवला, पायरीला हात लावून नमस्कार केला आणि आम्ही स्टँडवर आलो.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. संकेश्वर गेलं तरी नजर बाहेरच. मला वाटलं, निराश झालेत. मी मनात म्हणत होतो की निराशा बरी, पण हे कळायला नको. मग बाहेर बघतच ते म्हणाले,

"मास्तर, आक्काच्या तोंडावर फडकं न्हवतं."

मला कळायला थोडा वेळ लागला. कट्टा दारासमोरच होता. इंदाक्का उजेडात बसल्या होत्या. आणि अण्णांना ओठ वाचता येतात.

त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला, तळहातावर ठेवला, बघितला. "एवढी गाणी," ते म्हणाले. त्यांनी तो मुठीत मिटला. "ती मरणाचं सांगत होती आणि मी दाद देत होतो."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. तुमचा दोष नाही, असं काहीतरी. पण गाडीच्या आवाजात ते त्यांना ऐकू गेलं नसतं, आणि तोंड वळवून माझे ओठ बघायला ते तयार नव्हते. बेळगाव येईपर्यंत मी त्यांच्या हातावर हात ठेवून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमाराला पलीकडून माग सुरू झाल्याचा आवाज आला. कित्येक महिने तो बंद होता. मी तसाच गेलो. मागावर सूत नव्हतं, साडी नव्हती. रिकामा माग नुसता खडखडत होता. आणि अण्णा समोरच्या कोपऱ्यात, शालाक्काच्या पाटावर, रहाटाजवळ बसले होते. नाकातोंडावरून फडकं घट्ट बांधलेलं. डोळे मागासमोरच्या त्यांच्याच रिकाम्या स्टुलावर. फडकं हलत होतं. दोनदा बारीक, मग एकदा लांब, मग जरा थांबून परत.

मी दारात उभा होतो. त्यांनी मला बघितलं, पण बोलणं थांबवलं नाही. एक अक्षर ऐकू येत नव्हतं. बघता बघता माझी मान त्या फडक्याबरोबर हलायला लागली. लक्षात आल्यावर मी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि तसाच उभा राहिलो.