पाटीमागचा शब्द

"माझ्या हातून निसटलेला गुन्हेगार अजून जन्माला यायचा आहे," असे म्हणून सत्यान्वेषींनी भिंग पुसले. विधान निर्विवाद होते; आजवर त्यांच्या हाती एकही गुन्हेगार लागलेलाच नव्हता. त्यांचे साडू हे जाणून होते. बहुभाषी शब्दकोशाच्या कचेरीत ते मुद्रिते तपासत. 'आमच्या भाऊजींना बोलवा ना' हा बायकोचा धोशा त्यांना मोडवला नव्हता, एवढाच त्यांचा अपराध.

प्रकरण असे. मुख्य संपादकांच्या दारावरच्या पितळी पाटीमागे सकाळी एक कार्ड आढळले. 'मुख्य संपादक' या अक्षरांखालून एकच शब्द डोकावत होता : बुर्रो. स्पॅनिशमध्ये गाढव.

अक्षर कोशाची कार्डे लिहिणाऱ्या बाईंचे होते. अकरा वर्षांची नोकरी. आणि बडतर्फीचे पत्र टंकून, सहीपुरते थांबून, संपादकांच्या टेबलावर पडलेले.

"अक्षर माझंच आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण तिथे मी लावलं नाही. दिवसाला शंभर कार्डं लिहिते. कुठलं कुठे गेलं, काय सांगू?"

सत्यान्वेषींनी कार्ड हुंगले. "साडूभाऊ, हाच शब्द इटालियनमध्ये काय होतो?"

"लोणी."

"झालं तर! कुणीतरी साहेबांना लोणी लावतंय. हा अपमान नाही, खुशामत आहे. उपसंपादकांना बोलवा!"

"लोणी लावणं आपल्याकडे," साडू म्हणाले. "इटलीत ते पावाला लावतात."

सत्यान्वेषी क्षणभर भिंगातून छताकडे पाहत राहिले. "मग गुन्हेगार दोन आहेत. एक स्पॅनिश जाणणारा, एक इटालियन. दोघांनी मिळून एकच शब्द लिहिला. अर्थ : गाढवाला लोणी!"

"म्हणजे गाढव मीच ना?" संपादकांनी विचारले.

"या तर्कात, हो. पण किती सन्मानाने!"

संपादकांनी पेनाचे टोपण काढले. बाईंनी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले आणि नजर खिडकीबाहेरच्या राखाडी आभाळावर ठेवली. साडूंनी कपाळाला हात लावला. बाईंची बाजू सावरायला आपण बोलावले कुणाला, तर या महात्म्याला!

तेवढ्यात दाराशी खडखड झाली. झाडू काखेत धरून मावशी पाटी हलवून बघत होत्या.

"इथलं कार्ड कोणी उपटलं? काल चांगलं बसवलं होतं मी."



"तुम्ही?" संपादक म्हणाले.

"मग काय तर! तुम्ही दार आपटता, पाटी दिवसभर थडथडते. बाईंच्या टोपलीत जाड कार्डं पडलेली असतात. एक खोचलं मागे. मला वाचता कुठं येतंय?"

"टोपलीत का?" सत्यान्वेषींनी डोळे बारीक केले.

"एकच स्पेलिंग दुसऱ्या भाषेतही निघालं, की सगळे अर्थ एका कार्डावर घ्यायचे," बाई म्हणाल्या. "उरलेली कार्डं टाकायची. साहेबांचाच नियम आहे."

"आणि टाकलेलं मी वाया जाऊ देत नाही," मावशी म्हणाल्या. "सगळ्या कचेरीत लावलीत."

साडूंनी वाकून पाहिले. हिशेबनिसाच्या टेबलाखाली 'गिफ्ट' हा इंग्रजीत भेट आणि जर्मनमध्ये विष असलेला शब्द होता. खिडकीच्या फटीत एकाच स्पेलिंगचे इटालियन समुद्र आणि इंग्रजी घोडी. कपाटाच्या पायाशी 'पान', म्हणजे स्पॅनिश पाव, जो पोलिश भाषेत 'महाशय' होतो. एका अर्थात न मावलेल्या शब्दांवर अख्खी कचेरी तोलून उभी होती, आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

"माझा संशय पहिल्यापासून टोपलीवरच होता," सत्यान्वेषींनी वहीत नोंदवले.

मावशींनी पाटी पुन्हा हलवली. "काहीतरी जाड द्या हो, साहेब. हा टेबलावरचा कागद लागतोय का?"

संपादकांनी पत्राकडे पाहिले, मग बाईंकडे. पेनाला टोपण लावले.

"नाही," ते म्हणाले. "तो नाही लागत."

मावशींनी बडतर्फीच्या चार घड्या घातल्या आणि पाटीमागे दाबून बसवल्या. मग दार जोरात आपटून पाहिले.

पाटी हलली नाही.