संगणकाला शिवलेली खोळ

सन दोन हजार सतरा, महिना नोव्हेंबर, आणि थंडी नुकतीच पडू लागलेली. अशा एका सकाळी मी संगणकाला खोळ शिवण्याचे ठरवले. निर्णय क्षुल्लक होता. परंतु पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ त्यात असल्यामुळे काळवेळ आधीच नीट सांगून ठेवते.

संगणक यजमानांचा. ते गेल्यावर त्यांचे कपडे दिले, पुस्तके दिली. हा मात्र राहिला, कारण दर रविवारी सकाळी दूरदेशी राहणारी माझी मुलगी त्याच्या पडद्यावर येते. त्या दिवशी मी इस्त्रीचे कपडे घालते, केस नीट विंचरते आणि वेळेआधीच खुर्चीत बसते. (इतर दिवशी मला पाहणारे घरात कोणी नाही. एक आरसा आहे, पण त्याचे मत मी विचारत नाही.)

समोरच्या रस्त्याचे खोदकाम चालू होते आणि धूळ खिडकीतून घरात येई. आमच्याकडे सोफ्याला खोळ, रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ. मग संगणकाच्या त्या उभ्या डब्यानेच, ज्याला लोक सीपीयू म्हणतात, उघडे का राहावे? जुन्या रजईच्या कापडाची, आत कापूस घातलेली खोळ मी हाताने शिवली. बटणासाठी पुढे काज, तारांसाठी मागे चीर, म्हणजे चालू असतानाही ती काढावयास नको. इतकी बेतशीर बसली की आत वारादेखील शिरणार नाही. (हे वाक्य मी त्या वेळी अभिमानाने उच्चारले होते.)

त्याच आठवड्यातल्या रविवारी मुलगी काहीतरी सांगत असताना पडदा काळा झाला. थोड्या वेळाने तिने घरच्या फोनवर विचारपूस केली आणि तो डबा आता भंगारात घाल, मी तुला मोबाइल पाठवते, असे सुचवले. मी स्पष्ट नकार दिला. मोबाइलवर बोलणारी माणसे मी रोज पाहते. ती चालतात, चघळतात, जिने चढतात आणि मध्ये मध्ये 'हं' म्हणतात. संगणकापुढे मात्र माणसाला बसावे लागते. आठवड्यातून एकदा माझी मुलगी माझ्यासमोर स्वस्थ बसते, आणि हे बसणे मला मोडू द्यायचे नव्हते. अखेर ठरले ते असे, की डिसेंबरच्या मध्यापर्यंत दुरुस्ती झाली तर ठीक, नाहीतर मोबाइल.

दुरुस्तीवाल्याला मी फोन लावला.

"काय होतंय, काकू?"

"बोलता बोलता मान टाकतो. अंगही तापलेलं असतं."

"काकू, मग डॉक्टरला बोलवा ना. मी कॉम्प्युटरवाला आहे."

खुलासा झाल्यावर ते आले. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्या घरी सगळ्या खोळी उतरवल्या जातात, हा माझा शिरस्ता. सोफ्याची काढली, रेडिओची काढली आणि अर्थातच संगणकाचीही काढली. त्यांनी संगणक चालू केला. तो तासभर आज्ञाधारकपणे चालला. त्यांनी आतली धूळ फुंकली, चहा घेतला आणि निघून गेले. मी खोळी परत चढवल्या. संध्याकाळी संगणकाने मान टाकली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पॉवर सप्लाय बदलला. तिसऱ्या खेपेला रॅम. मग ते तो दुकानात घेऊन गेले आणि तिथे तो दिवसभर चालून दमला नाही. (एवढ्या अवधीत मी खोळ धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवली.) घरी आणताच पुन्हा तेच. मग त्यांनी आमच्या विजेवर संशय घेतला, मग मदरबोर्डवर. शेवटचे निदान मात्र त्यांनी चहाचा कप खाली ठेवून, अगदी हलक्या आवाजात केले. ते निदान म्हणजे मी होते.

"काकू, रागावू नका. घरात बोलायला कोणी नसलं की माणूस काही ना काही कारण काढून बोलावतं. माझी आईपण तेच करते. तिचा पंखा महिन्यातून दोनदा बिघडतो."

मी ताठ होऊन म्हटले की, मॅट्रिक झालेली बाई खोटे कारण काढून कोणाला बोलावत नाही. ते बरे म्हणाले आणि निघाले. त्यानंतर मी कप विसळले. पाहुण्यांचा कप आतल्या कपाटात ठेवायचा असतो. तो गेले काही दिवस माझ्या कपाशेजारी बाहेरच राहत आला होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. मी तो उचलून आत ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर काढला. (कपाटात ओल असते.)

घर गार पडले होते. खोळी चढवून मी संगणक चालू केला आणि दोन्ही तळवे त्याच्या माथ्यावर ठेवले. ही सवय मला त्या महिन्यात जडली होती. आत कोणी जिवंत असावे तसा तो उबदार लागे. इतक्यात दार उघडे पाहून दुरुस्तीवाले विसरलेला टेस्टर न्यायला परत आले. खोळी उतरवण्यास मला अवधीच मिळाला नाही.

ते उंबऱ्यातच थबकले. "काकू, हे काय?"

"खोळ."

"चालू असताना?"

"धूळ काय फक्त बंद असतानाच बसते?"

त्यांनी येऊन खोळीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्यांनी चांगले पार्ट बदलले होते, मी चांगली खोळ शिवली होती, आणि मधल्या मध्ये तो बिचारा गुदमरत होता. कोणी कोणाला हसायचे नाही, एवढे न बोलता ठरले. खोळ मी त्यांच्या आईसाठी दिली. (पंख्याला बसणार नाही, असे ते म्हणाले. उशीला बसेल, असे मी म्हणाले.)

रविवार, सतरा डिसेंबर. संगणक उघडा, धूळ खात, परंतु ठणठणीत. मुलगी पडद्यावर आली. मी सगळी हकिकत सांगितली. ती इतकी हसली, इतकी हसली की एकाएकी पडद्यावर छत दिसू लागले, आणि कसलासा खडखडाट झाला.

"अगं, काय झालं? तुझा संगणक पडला का?"

"कॉम्प्युटर कुठला, आई? तू पडलीस. थांब, उभी करते."

छत हलले. तिचा चेहरा पुन्हा आला. मी हळूहळू विचारत गेले आणि उत्तरे मिळत गेली. तिच्या घरी संगणक कधीच नव्हता. मी तिच्या मोबाइलमध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्यावर असते. ती बसलेली नसते, उभी असते. मला तिचे खांद्यापर्यंतच दिसते, म्हणून कळले नाही. बोलता बोलता ती भाजी चिरते.

"आणि मी ओट्यावर उभी कशी राहते?"

"साखरेच्या डब्याला टेकवते तुला."

चार माणसांत जी बाई जन्मात कधी भिंतीलासुद्धा पाठ टेकून बसली नाही, ती इतकी वर्षे दर रविवारी, इस्त्रीच्या कपड्यांत, साखरेच्या डब्याला रेलून उभी होती.

मी खुर्चीत ताठ झालेली पाहून तिने सुरी खाली ठेवली. ओट्याच्या कडेवर कोपरे टेकून ती अगदी जवळ आली. "आई, रागावलीस? मोबाइल पाठवू का तुला?"

"नको," मी म्हणाले. "माझा संगणक चांगला चालतो. तू साखरेचा डबा तेवढा भरलेला ठेव. हलका झाला, तर मी पुन्हा पडेन."